सरहद्दीवरचा डोंगर आणि पाण्याच्या तीन वाटा

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि त्यावर पालघर जिल्ह्याची पूर्वेकडची कड शोधा. तेथे मोखाडा तालुका आहे. या तालुक्यात पोशेरा नावाचे गाव आहे. गाव लहान असल्याने तुमच्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात ते कदाचित सापडणार नाही. तालुक्याच्या नकाशात मात्र सापडेल. पोशेऱ्यापासून पट्टीने पूर्वेकडे सरळ रेघ ओढली, तर ती त्र्यंबकच्या डोंगरांत जाऊन शिरते. या लेखात आपल्याला त्या डोंगरांकडे पाहायचे आहे, पण पाहायचे आहे ते पोशेऱ्याच्या बाजूने.

या भागात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओढे, नाले, धबधबे दुथडी वाहतात. पण चैत्र-वैशाखात याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांत विहिरीचा तळ दिसू लागतो, बायाबापड्या हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात आणि लोक टँकरची वाट पाहतात. ज्या नाशिक शहरात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस मिळूनही हे गाव तहानलेले राहावे, हे कोडे नाही का? या कोड्याचे उत्तर पावसात सापडत नाही. ते डोंगराच्या आकारात आणि त्याच्या खडकात दडलेले आहे.

माणसाने आखलेली सरहद्द

मोखाडा तालुक्याच्या पूर्व बाजूला, नाशिक जिल्ह्याच्या सरहद्दीवर उतवड नावाचा डोंगर आहे. त्याच्या पूर्वेला भास्करगड, मग हरिहर, त्यापुढे ब्रह्मगिरी आणि अंजनेरी असे डोंगर एका माळेत ओवल्यासारखे उभे आहेत. ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,३०० मीटर आहे. उतवडच्या पश्चिमेला पालघर जिल्हा, तर पूर्वेला नाशिक जिल्हा.

सरहद्द ठरवताना डोंगरच का निवडतात? कारण उघड आहे. शेताचा बांध फोडता येतो, खांब उपटता येतो, नदी आपले पात्र बदलते. पण डोंगर जागचा हलत नाही आणि तो लांबूनही दिसतो. शिवाय डोंगराच्या दोन्ही अंगांची माणसे आपापल्या बाजूच्या ओढ्यांच्या आणि वाटांच्या आधाराने राहतात, त्यामुळे माथा ही त्यांची नैसर्गिक वेस होते. फ्रान्स आणि स्पेन या देशांनी १६५९ साली तह केला, तेव्हा पिरेनीज पर्वताची रांग ही दोघांमधली सीमा मानली. जगातले सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट हेही नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमेवरच आहे.

तरीही माणसाने आखलेली सरहद्द कायमची नसते. उतवडच्या पश्चिमेचा प्रदेश १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या दिवशी पालघर हा नवा जिल्हा झाला आणि सरहद्दीचे नाव बदलले. शेजारचे जव्हार हे १९४८ पर्यंत एक संस्थान होते, तर मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे या डोंगराच्या पायथ्याशी सत्ता बदलल्या, जिल्हे बदलले. डोंगरावरून वाहणाऱ्या पाण्याला मात्र यातले काहीच ठाऊक नाही. त्याची सरहद्द निराळी आहे.

पाण्याने आखलेली सरहद्द

कौलारू घर तुम्ही पाहिले असेल. छपराच्या सर्वांत उंच भागी आढे असते. आढ्यावर पडलेला पाऊस दोन भागांत वाटला जातो; काही पाणी पुढच्या वळचणीला जाते, काही मागच्या. दोन थेंब एकमेकांपासून बोटभर अंतरावर पडले, तरी एक अंगणात आणि दुसरा परसात जातो. डोंगररांगेच्या माथ्याचेही असेच आहे. ज्या रेषेच्या दोन बाजूंना पाणी वेगवेगळ्या नद्यांकडे वाहते, त्या रेषेला जलविभाजक म्हणतात. एका नदीला ज्या सर्व प्रदेशाचे पाणी मिळते, तो त्या नदीचा पाणलोट.

त्र्यंबकच्या डोंगरांत जलविभाजकाचे रूप मोठे पाहण्यासारखे आहे. तेथून पाण्याच्या तीन वाटा फुटतात. जुलै महिन्यात या डोंगरांवर पावसाचे तीन थेंब पडले आहेत अशी कल्पना करा.

पहिला थेंब ब्रह्मगिरीच्या पूर्व उतारावर पडला. तो गोदावरीत गेला. त्र्यंबकेश्वर, गंगापूर धरण, नाशिक, पैठणजवळचा नाथसागर, नांदेड असा प्रवास करत, तेलंगण आणि आंध्र प्रदेश ओलांडून तो बंगालच्या उपसागराला मिळाला. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर आहे. गंमत अशी, की गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरच्या आसपास आहे. जवळचा समुद्र पाठीशी टाकून ही नदी अख्खे दख्खन पार करते.

दुसरा थेंब रांगेच्या दक्षिण बाजूला पडला. तो वैतरणा नदीत गेला. वैतरणाही त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावते, पण ती पश्चिमेची वाट धरते आणि मोखाडा, वाडा, पालघर या बाजूने अरबी समुद्राला मिळते. तिची एकूण लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे.

तिसरा थेंब या रांगांच्या वायव्येकडच्या उतारावर पडला. तो वाघ नदीत गेला. वाघ नदी दमणगंगेला मिळते आणि दमणगंगा दमणजवळ अरबी समुद्रात जाते. मोखाड्याचे पठार दमणगंगा आणि वैतरणा या दोन पाणलोटांत विभागलेले आहे. उत्तरेचे पाणी वाघ नदीकडे, तर दक्षिणेचे पाणी पिंजाळ आणि वैतरणा यांच्याकडे जाते. पिंजाळ पुढे वैतरणेलाच मिळते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. नाशिक जिल्हा म्हटला, की सारे पाणी गोदावरीला जात असेल असे वाटते. पण वैतरणेचा उगम नाशिक जिल्ह्यात आहे आणि तिचे पाणी जाते पश्चिमेकडे. म्हणजे जिल्ह्याची सरहद्द एका जागी आणि पूर्व-पश्चिम पाण्याची सरहद्द दुसऱ्याच जागी आहे. पहिली सरहद्द सरकारी दप्तरात सापडते. दुसरी शोधायची तर समोच्चरेषा दाखवणारा नकाशा वाचता आला पाहिजे. तो कसा वाचायचा, ते लेखाच्या शेवटी पाहू.

दोन बाजूंचे दोन उतार

गोदावरीचा उगम सुमारे १,०६७ मीटर उंचीवर मानला जातो. समुद्राला मिळेपर्यंत तिला तेवढे खाली उतरायचे असते आणि त्यासाठी तिच्याजवळ १,४६५ किलोमीटरची वाट असते. भागाकार करून पाहा. दर किलोमीटरला सरासरी ७३ सेंटिमीटर, म्हणजे मीटरभरही उतार नाही! वैतरणेला जवळजवळ तितकीच उंची दीडशे किलोमीटरमध्ये उतरायची असते. दर किलोमीटरला सहा ते सात मीटर. म्हणजे वैतरणेचा सरासरी उतार गोदावरीच्या जवळजवळ दहापट आहे.

उतार जास्त, म्हणून वेग जास्त. वेग जास्त, म्हणून खडक झिजवण्याची आणि दगडगोटे वाहून नेण्याची शक्तीही जास्त. पश्चिमेच्या नद्यांनी जव्हार-मोखाड्याच्या पठारात खोल दऱ्या कोरल्या आहेत त्या यामुळेच. एका पाड्यावरून समोरचा पाडा हाकेच्या अंतरावर दिसतो, पण तेथे पोहोचायचे तर आधी दरी उतरावी लागते आणि मग पुन्हा चढावे लागते. जव्हारजवळ लेंडी नदीवर दाभोसाचा धबधबा आहे, तोही या कोरण्याचाच एक पुरावा आहे. टणक थर जागेवर टिकतो, त्याखालचा कच्चा भाग झिजतो आणि नदीला उडी घ्यावी लागते.

पश्चिमेच्या नद्या आपल्या उगमाकडेही डोंगर पोखरत असतात. त्यामुळे सह्याद्रीचा कडा अतिशय सावकाश, लक्षावधी वर्षांच्या हिशेबाने, पूर्वेकडे सरकत आला आहे. म्हणजे पाण्याची सरहद्दही अचल नाही. फक्त तिचे सरकणे माणसाच्या आयुष्यात दिसण्याजोगे नाही.

डोंगर घडला कसा?

हिमालय घडला तो दोन भूखंडे एकमेकांवर आदळल्याने. थरांना घड्या पडल्या आणि ते वर उचलले गेले. आपले डोंगर तसे घडलेले नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या लांबलचक भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि चहूकडे पसरला. तो थंड झाला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. अशा शेकडो थरांनी आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे काही भाग झाकून गेले. आज शिल्लक असलेला हा काळ्या पाषाणाचा प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरच्या घरात जाते. या खडकाला बेसाल्ट म्हणतात. थरांचे कडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून त्यांना ट्रॅप हे नाव पडले; ते पायरी या अर्थाच्या एका युरोपीय शब्दावरून आले आहे.

भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या या थरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला जेथे तो चांगला दिसतो त्या गावाचे नाव दिले. अगदी तळाच्या गटाचे नाव आहे 'जव्हार'. त्यावर इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी आणि भीमाशंकर. या पाच गटांना मिळून 'कळसूबाई उपगट' म्हणतात. त्यांच्याही वरचे तरुण थर दक्षिणेकडे खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर या भागांत आढळतात. सारे थर दक्षिणेकडे किंचित कललेले असल्यामुळे दक्षिणेत हे जुने थर जमिनीखाली जातात. उत्तरेत मात्र ते उघडे पडलेले आहेत. थोडक्यात, जव्हार-मोखाड्याच्या मातीवर उभे राहणारा विद्यार्थी सह्याद्रीच्या लाव्हाथरांच्या तळमजल्यावर उभा असतो. जगभरातले भूशास्त्रज्ञ आपल्या निबंधांत जव्हारचे नाव लिहितात, हे तेथल्या किती शाळांना ठाऊक असेल?

लाव्हा थंड झाला, तेव्हा हा सारा प्रदेश मोठ्या पठारासारखा होता. पुढे भारताच्या पश्चिमेचा भूभाग तुटून अलग झाला. हिंदी महासागरातली सेशेल्स बेटे हा त्याच भूभागाचा अवशेष होय. पश्चिमेला समुद्र आला, पठाराची कड उंचावली आणि पावसाने व नद्यांनी ते कोरण्यास प्रारंभ केला. जो भाग कोरला गेला त्याच्या दऱ्या झाल्या, जो उरला त्याचे डोंगर झाले. उतवड, हरिहर, ब्रह्मगिरी हे सारे असे उरलेले तुकडे आहेत. दोन शेजारच्या डोंगरांचे कडे दुरून न्याहाळले, तर एका डोंगरावरची आडवी पायरी दुसऱ्यावर जवळजवळ त्याच उंचीवर दिसते. मधला भाग वाहून गेला, पण थर जुळतात. एखाद्या फाटलेल्या वहीच्या पानांच्या ओळी जुळाव्यात, तसेच हे आहे.

इतका पाऊस का पडतो?

जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. कोकणची सखल पट्टी ओलांडली, की त्यांना पठार आणि डोंगर आडवे येतात. हवेला वर चढावे लागते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटर उंचीला सुमारे १० अंश सेल्सियसने थंड होते; ढग बनू लागल्यावर हा वेग कमी होतो. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची शक्ती कमी असते. मग त्याचे पाणी होते आणि पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारी हवा उबदार आणि कोरडी होत जाते, म्हणून त्र्यंबकपासून तीस किलोमीटरवरच्या नाशिकला पाऊस इतका कमी होतो. त्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

म्हणजे डोंगर एकाच वेळी तीन कामे करतो. तो ढगांतून पाणी काढून घेतो, त्याची वाटणी करतो आणि ते वेगाने खाली लावून देतो. मोखाड्याच्या वाट्याला पहिल्या कामाचा लाभ येतो आणि तिसऱ्या कामाचा तोटा.

खडकाचे भांडे केवढे?

आता आपल्या कोड्याकडे येऊ. एक हेक्टर जमीन घ्या. तिच्यावर वर्षभरात २,५०० मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटर पाऊस पडतो. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा पाणी झाले २५,००० घनमीटर, म्हणजे अडीच कोटी लिटर! एका हेक्टरवर इतके पाणी पडत असेल, तर विहीर कोरडी का पडावी?

विहिरीचे पाणी हे खडकात मुरलेले पाणी असते. म्हणून खडकात किती पाणी मावते, हा खरा प्रश्न आहे. अखंड काळा पाषाण जवळजवळ पाणी धरतच नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत, थराच्या वरच्या सच्छिद्र भागात आणि पृष्ठभागाजवळच्या झिजलेल्या मुरमात. अशा मुरमातून विहिरीला मिळू शकणारे पाणी त्याच्या एकूण आकारमानाच्या शेकडा एक ते तीन भाग इतकेच असते. आपण दोन भाग धरू. आता समजा पाणी धरणारा हा थर पाच मीटर जाडीचा आहे. पाच मीटरचे शेकडा दोन भाग म्हणजे दहा सेंटिमीटर, अर्थात १०० मिलिमीटर. पडणारा पाऊस २,५०० मिलिमीटर आणि भांडे १०० मिलिमीटरचे! म्हणजे शंभर भागांतले चार. जूनच्या अखेरीस भांडे भरले, की पुढचे सारे पाणी वरून ओसंडून जाणार. पाऊस दुप्पट झाला, तरी भांडे तेवढेच राहते.

गंगेच्या खोऱ्यातली वाळूमिश्रित जमीन घेतली, तर तेथे शेकडा पंधरा भागांच्या आसपास पाणी मिळू शकते. पाच मीटरच्या थरात ७५० मिलिमीटर. शिवाय तेथे असे थर शेकडो मीटर खोलवर आहेत. हा फरक खडकाचा आहे.

एवढ्यावरच भागत नाही. आपले भांडे लहान आहे आणि त्याच्या बुडाला भोके आहेत. डोंगरउतारावर मुरलेले पाणी खाली जाता जाता टणक थराला अडते आणि त्या थरावरून आडवे सरकते. दरीच्या बाजूला तो थर उघडा पडला असेल, तर तेथे झरा फुटतो. पावसाळ्यानंतर महिनोन् महिने हे झरे वाहतात आणि डोंगरातले पाणी कमी कमी होत जाते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत वरच्या अंगाचे झरे आटतात, खालचे टिकतात. म्हणूनच उन्हाळ्यात पाड्यावरच्या बायकांना पाण्यासाठी दरी उतरावी लागते. पाणी डोंगरातून गेलेले असते, ते खाली असते. 'वळचणीचे पाणी आढ्याला' जात नाही, असे आपण म्हणतो. डोक्यावर हंडा घेऊन दरी चढणारी बाई रोज ते आढ्यापर्यंत पोहोचवत असते.

खालचे पाणी आणि वरचे गाव

खोल, अरुंद दरी आणि टणक काळा पाषाण ही धरण बांधण्यास उत्तम जागा. मुंबईला पाणी देणारी मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३) आणि मध्य वैतरणा (२०१४) ही तिन्ही धरणे वैतरणा नदीवर एकाखाली एक आहेत. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ आहे आणि त्याची उंची १०२ मीटर आहे. ही धरणे मुंबईपेक्षा पुष्कळ उंचीवर असल्यामुळे त्यांचे पाणी बहुतांशी उताराच्या जोरावरच शहराकडे जाते. दमणगंगा आणि वाघ या नद्यांचे पाणी बोगद्याने पिंजाळच्या खोऱ्यात आणून मुंबईला देण्याची योजनाही आखलेली आहे. म्हणजे एका पाणलोटाचे पाणी जलविभाजकाच्या पोटातून दुसऱ्या पाणलोटात न्यायचे. माणूस पाण्याची सरहद्द ओलांडू शकतो, ती अशी.

मग धरणाशेजारच्या पठारावरचे गाव तहानलेले का? कारण धरण दरीत आहे आणि गाव वर आहे. मुंबईसाठी उतार मदत करतो, गावासाठी तोच उतार आडवा येतो. पण तो किती आडवा येतो, याचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. समजा, पाणी २०० मीटर वर चढवायचे आहे. एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. लागणारी ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = १,००० × ९.८ × २०० = १९,६०,००० जूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. तेव्हा सैद्धांतिक हिशेबाने अर्ध्या युनिटाहून थोडी अधिक वीज लागेल. पंपातली आणि नळातली तूट धरून सुमारे एक युनिट म्हणा. एक हजार लिटरला एक युनिट! भौतिकशास्त्र येथे अडून बसलेले नाही. कठीण काम आहे ते दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या लहान लहान पाड्यांपर्यंत नळ टाकण्याचे, ते फुटले तर दुरुस्त करण्याचे आणि पंप वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे. या गोष्टी माणसांनी ठरवायच्या आहेत.

दुसरा मार्ग म्हणजे पाणी खाली जाण्यापूर्वीच वर अडवणे. एखाद्या घराचे छप्पर २० चौरस मीटरचे आहे असे धरा. त्यावर वर्षाला २० × २.५ = ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाऊस पडतो. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी ४० लिटरप्रमाणे रोज २०० लिटर पाणी लागते. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांचे २४,००० लिटर. म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक पाणी एकट्या छपरावर पडते. उणीव आहे ती साठवणुकीची. २४,००० लिटरसाठी ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २ मीटर खोल टाकी हवी; ती गळता कामा नये आणि झाकलेली हवी. ती बांधण्याचा खर्च हाच खरा अडसर. म्हणून काही ठिकाणी अनेक घरांसाठी किंवा शाळेसाठी एकच सामाईक टाकी बांधतात.

डोंगरउतारावर समपातळीत चर खणणे, ओढ्यात दगडांचे बांध घालणे, पाऊस संपता संपता वाहत्या नाल्यावर माती-वाळूने भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा घालणे, हे उपायही आपल्या परिचयाचे आहेत. या कामांचा नियम एकच: माथ्यापासून सुरुवात करायची आणि पायथ्याकडे यायचे. आधी खाली बांध घातला, तर वरून वाहून येणारी माती तो दोन पावसाळ्यांत भरून टाकते. 'माथा ते पायथा' काम करायचे, तर प्रथम माथा कोठे आहे ते ठाऊक हवे, म्हणजेच पाण्याची सरहद्द ठाऊक हवी. दोन गावांची शीव एकाच पाणलोटातून जात असेल, तर एका गावाने आपल्यापुरते केलेले काम अर्धेच राहते. वरच्या गावाने चर खणले, की खालच्या गावाचा झरा अधिक दिवस टिकतो. येथे सातबाऱ्याचा नकाशा पुरत नाही, पाण्याचा नकाशा काढावा लागतो. तो काढणे तुम्हांला जमण्यासारखे आहे.

करून पाहा

१. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमानुसार हा प्रदेश '४७ ई' या नकाशासंचात येतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा समोच्चरेषा असतात. एका रेषेवरची सर्व ठिकाणे सारख्याच उंचीवर असतात आणि दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. रेषा जवळजवळ असतील तेथे उतार तीव्र आणि लांब असतील तेथे सौम्य. ओढा ओलांडताना समोच्चरेषा वाकते आणि तिचे टोक ओढ्याच्या उगमाकडे वळते. डोंगराच्या सोंडेवर ते टोक खालच्या बाजूला वळते. सोंडांवरची अशी टोके आणि शिखरे जोडत जा. ओढा एकदाही न ओलांडता जी रेषा मिळेल, ती जलविभाजक रेषा. उतवडपासून सुरुवात करून ती पेन्सिलीने काढा. आता जिल्ह्याची सरहद्द पाहा. दोन्ही रेषा कोठे एकत्र जातात आणि कोठे अलग होतात?

२. जाड कागद चुरगळून पुन्हा अर्धवट उलगडा. सगळ्या उंच कडांवर निळ्या पेनाने रेघा मारा (पाण्याने पसरणारी शाई हवी) आणि वरून पाण्याचा बारीक फवारा सोडा. शाई कोणत्या बाजूंनी उतरते ते पाहा. प्रत्येक खळगा हा एक पाणलोट आहे.

३. दोन सारखे डबे घ्या. एकात वाळू, दुसऱ्यात मोठे दगड आणि त्यांच्या फटींत गच्च दाबलेली चिकणमाती भरा. दोन्हींत मोजून पाणी ओता. नंतर तळाला छिद्र पाडून किती पाणी परत मिळते ते मोजा. पाणी आत मावणे आणि परत मिळणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे दिसून येईल.

४. गावातील एका विहिरीच्या पाण्याची पातळी दोरीला गाठी मारून दर रविवारी मोजा आणि जून ते मे असा आलेख काढा. पावसाळ्यात आलेख कोणत्या आठवड्यात सपाट होतो? त्या आठवड्यात तुमच्या खडकाचे भांडे भरलेले असते. पावसाळा सरल्यावर पातळी दर आठवड्याला किती उतरते? दोन-तीन वर्षांचे असे आलेख शाळेत जमा झाले, तर यंदा विहीर कोणत्या महिन्यात आटेल, हे दिवाळीतच सांगता येईल आणि बंधारा घालायला वेळ मिळेल.

५. शेवटचा प्रश्न: पोशेरा गावाचे पाणी तीन वाटांपैकी कोणत्या वाटेने समुद्राला जाते? उत्तर नकाशावरून शोधा. मग हाच प्रश्न आपल्या गावाविषयी, आपल्या शाळेच्या अंगणाविषयी विचारा.